तू माझं जड शिसं मागितलंस

शेवंते, आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोळंबी सोलली. गळाला लावायला. दगडावर पेपर अंथरून तू सोलत होतीस आणि मी नेहमीसारखा कुरकुरत होतो, की असली चांगली कोळंबी माशाच्या तोंडात घालायची आणि आपण घरी जाऊन डाळभात खायचा, हे कुठलं शहाणपण. तू मान वर न करता म्हणालीस, "घाट्यांका पोट सोडून दुसरां काय सुचता?" आणि त्यातली सगळ्यात मोठी कोळंबी माझ्या हातात दिलीस. मी ती गळाला लावली. यापेक्षा मोठं काही झालं नाही. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं, पलीकडे अमवाज बेटावरच्या इमारतींच्या काचा चमकायला लागल्या होत्या, आणि थर्मासात अजून दोन कप चहा होता.

तो चहा तसाच राहिला. चार दिवसांनी वास यायला लागला तेव्हा मी ओतून टाकला.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, कसं झालं. मी सांगतो, झोपेत. मग ते म्हणतात, भाग्यवान बाई, झोपेत त्रास कळला नाही. कोकणातली बायामाणसं येतात, आपल्या वंदनाच्या हॉस्पिटलातल्या नर्सा येतात, सगळे हेच म्हणतात. मी मान हलवतो. झोपेत काही झालेलं नव्हतं हे या जगात दोघांना माहीत होतं. त्यातली तू गेलीस. उरलेला मी मान हलवत बसलोय.

म्हणून हे लिहितोय. तुला उत्तर देता येणार नाही याचा फायदा घेतोय म्हण. जिवंतपणी तू मला एक वाक्य पुरं करू द्यायची नाहीस.

आपली पोर चांगली आहे, पण तिनं आपल्याला दगडांवर जायला बंदी केली होती. मागच्या वर्षी शेवाळावरून तुझा पाय घसरला, गुडघा सुजला आणि तपासायला गेलो तर प्रेशर आकाशाला भिडलेलं. वंदना तेव्हा म्हणाली, परत त्या समुद्राकडे गेलात तर दोघांना तिकीट काढून गावाला पाठवीन. तिनं पाठवलं नसतं. पण घर तिचं, व्हिसा तिचा. माझा कामाचा व्हिसा संपल्यापासून आपण तिच्या नावावर इथं राहतो. जावई जहाजावर, वर्षातले आठ महिने घरी नसतो. तेव्हा तिचं ऐकायला पाहिजे, हे दोघांनाही कळत होतं. आणि तिची नाईट ड्युटी लागली की दोघंही चोरासारखे निघायचो. गळाची पेटी गाडीच्या स्टेपनीखाली. ती सकाळी आठला घरी यायच्या आत परत, अंघोळ, कपडे वॉशिंग मशीनमध्ये. मासा मिळाला तर सांगायचं मनामाच्या बाजारातून आणला. सत्तरी ओलांडली आपण, आणि पोरीला घाबरून पायऱ्या हळू चढायचो. तुला त्यात मासे धरण्यापेक्षा जास्त मजा यायची. मलाही यायची. हे तुला कधी बोललो नाही.

मला गळ धरायला तू शिकवलंस. मी वर घाटावरचा सुतार. आमच्या गावाला ओढा होता, तोही दिवाळीनंतर आटायचा. तुमच्या किनाऱ्यावर एका शाळेचं छप्पर करायला आलो आणि गाबिताची पोर घेऊन गेलो. माझ्या आईनं तुला सहा महिने चुलीजवळ येऊ दिलं नाही. मासे मारणाऱ्यांची, म्हणून. मी तेव्हा गप्प बसलो. त्यावर आपलं कधीच बोलणं झालं नाही. तू काढलं नाहीस आणि मी काढू दिलं नाही. मी गप्प बसलो ते चुकलं. हे आता लिहिणं म्हणजे गाडी गेल्यावर हात करणं, पण लिहून ठेवतो.

इथं बहरीनला मी आधी आलो, फर्निचरच्या कारखान्यात. तू नंतर आलीस आणि हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला लागलीस. पहिल्या सुट्टीला मला वाटलं तू सूक बघायला चल म्हणशील, सोन्याची दुकानं बघायला. तू म्हणालीस समुद्र दाखवा. मी समुद्र दाखवला. तू पाण्याकडे बघितलंस, तळाचे दगड दिसत होते, आणि म्हणालीस, हंय गोबरो आसतलो. इथले लोक त्याला हमूर म्हणतात. त्याच संध्याकाळी तू मला नायलॉनची तंगूस, गळ आणि शिसं आणायला पाठवलंस.

हा मासा वर फिरत नाही. तळाला दगडाच्या कपारीत बसतो, म्हणून गळ तळाला न्यायचा आणि तिथंच ठेवायचा. त्याला वजन लागतं. तुझी पद्धत अशी, की शिशाला भोक पाडायचं आणि दोरी त्यातून मोकळी ओवायची. खाली एक छोटी कडी, म्हणजे शिसं गळावर घसरणार नाही. कडीच्या पुढे हातभर तंगूस आणि टोकाला गळ. मासा कोळंबी तोंडात घेऊन निघाला की दोरी शिशाच्या भोकातून सरकते, त्याला वजन कळतच नाही. आणि शिसं हलकं, एकदम हलकं. कारण मासा कळला पाहिजे तो बोटाला. दोरी तू डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर घ्यायचीस, उजवा हात ओढायला मोकळा. डोळे मिटून बसायचीस. मी विचारायचो झोपलीस काय. तू म्हणायचीस खाली वाळू आहे, आता दगड आला, आता खेकडा कोळंबी कुरतडतोय. मला वाटायचं थापा मारतेस. मग दोरी वर काढायचीस तर कोळंबी खरंच कुरतडलेली असायची.

माझी पद्धत सुताराची. शिसं दोरीच्या शेवटाला पक्कं बांधायचं, वर दोन गळ, आणि शिसं चांगलं पावशेराचं. टाकलं की जागचं हलता कामा नये. गॅरेजवाल्याकडून टायरची जुनी शिशं आणून मी डब्यात वितळवायचो आणि लाकडात कोरलेल्या साच्यात ओतायचो. माझी शिशं सुबक होती हे तरी कबूल कर. तू पहिल्यांदा माझा गळ बघितलास आणि पोट धरून हसलीस.

"ही गरी नाय," म्हणालीस, "ह्यो ओळंबो. काय भिंत बांधूची आसा खाली?"

तीसेक वर्षं हे भांडण चाललं. मी म्हणायचो तुझं हलकं शिसं ओहोटीला वाहून जातं. तू म्हणायचीस माझं जड शिसं कपारीत अडकतं आणि मासा हसत जातो. माझं अडकायचं, खरं आहे. मग तूच मला शिशाला वेगळा कच्चा दोरा बांधायला शिकवलंस, म्हणजे अडकलं तर कच्चा दोरा तुटेल, शिसं जाईल, गळ आणि मासा वाचेल. पण हलकं शिसं मी कधी लावलं नाही. तू कधी जड लावलं नाहीस. दोघांनाही मासे मिळायचे. तुला जास्त मिळायचे, जाऊ दे.

आता त्या सकाळचं.

कोळंबी लावून झाली. तू दोरी टाकलीस. आपल्यापासून दहा पावलांवर तो म्हातारा बहरीनी बसला होता, ज्याला तू दाढीवालो म्हणायचीस आणि जो तुला "उम्म समक" म्हणायचा, म्हणजे माशांची आई. त्याचं नाव आपण कधी विचारलं नाही आणि त्यानं आपलं. तुझ्या चेहऱ्यावर जरा नाराजी दिसली. तू दोरी वर घेतलीस, परत सोडलीस. परत घेतलीस. मी म्हटलं काय झालं.

"शिसां तळाक लागलां काय नाय, ता माका कळणा नाय."

मी म्हटलं, पाणी ओढतंय. पाणी ओढत नव्हतं. ओहोटी संपून पाणी थांबलेलं होतं, तेलासारखं. माझी स्वतःची दोरी सरळ खाली गेली होती. मी ते बघितलं आणि तरी म्हटलं पाणी ओढतंय, कारण मला तेच म्हणायची सवय होती.

तू परत टाकलीस. बोट दोरीवर दाबून धरलंस, डोळे मिटलेस, उघडलेस. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केलास.

"तुमचां जड शिसां दिया."

शेवंते, मी खूश झालो.

हे मला तुला सांगायचं होतं. हेच. मला छातीत गार वाटलं. मी मनात म्हटलं, आली. तीस वर्षांनी आली वळणावर. मी पेटीतलं सगळ्यात मोठं शिसं काढलं, हातावर झेललं, आणि तुला देताना काय काय बोललो. ओळंबा पाहिजे का ओळंबा, म्हटलं. गाबिताच्या पोरीनं सुताराकडे हात पसरला, गावाला कळवतो, म्हटलं. तू हसली नाहीस. मला वाटलं हरलीस म्हणून हसत नाहीस. मी स्वतःच्या हातानं तुझं हलकं शिसं काढलं आणि माझं बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून. एवढा बोलत होतो की तुझ्या हाताकडे बघितलं नाही.

जी बाई वाळू आणि दगड बोटानं ओळखते, ती जड शिसं मागते म्हणजे तिच्या बोटाला काहीतरी झालं. हे दुधपित्या पोराला कळलं असतं. मला वाटलं मी जिंकलो.

मग मासा आला. दोरी ताणली ते मला दिसलं, तुझ्या बोटावरून तंगूस सरसर जात होती आणि तू समोर पाण्याकडे बघत होतीस. मी ओरडलो, अगं लागलाय. तू उजव्या हातानं ओढायला घेतलंस. मासा वर आला, वीतभर हमूर. आणि तुझ्या डाव्या बोटाची कातडी कापून रक्त पदरावर पडत होतं. तू त्या बोटाकडे असं बघितलंस जसं ते दुसऱ्या कुणाचं आहे, कुणीतरी तुझ्या मांडीवर ठेवून गेलंय.

"हात मेलो झोपलो," म्हणालीस.

मी रुमाल बांधला. हात चोळला. तू म्हणालीस उतरेल. दाढीवाला उठून आला, त्यानं तुझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मदाम ताबान. रूह बैत." थकलीय, घरी घेऊन जा. त्या परक्या माणसाला दिसलं. मी काय म्हणालो, आठवतं तुला? "मफी मुश्किल." काही अडचण नाही. चाळीस वर्षांत अरबी शिकलो ती एवढी, आणि ती अशी वापरली.

तरी दहा मिनिटांनी निघालो. गाडीत तू बरी बोलत होतीस. हात मांडीवर होता, पण हलवत होतीस, मी बघितलं. पावणेसात वाजले होते, सात म्हण. मी म्हटलं, वंदनाच्या हॉस्पिटलात जाऊ का सरळ. हे मी म्हटलं होतं, तू नाही म्हणणार नाहीस. तू म्हणालीस, ह्या वासाच्या साडीत? चेडू बघील तर दोघांका विमानात घालतलां. मी हसलो. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तू माझ्याकडे वळून नीट म्हणालीस, "आयकलात? चेडवाक सांगू नकात."

मी म्हटलं, नाही सांगत पोरीला.

घरी आल्यावर तू कपडे बदललेस, एका हातानं, मी ब्लाउजची बटणं लावली. जरा पडतंय म्हणालीस. आठला वंदना आली. ती आपल्या दोघांच्या खोलीच्या दाराशी आली, कडीवर हात ठेवला. आई कुठाय म्हणाली. मी म्हटलं झोपलीय, उठवू नको. का म्हणालो? तुझ्या केसांना समुद्राचा वास होता म्हणून. बोटाला चिंधी होती म्हणून. आपण पकडले जाऊ म्हणून. ती रात्रभर उभी राहून आलेली, डोळे लाल. म्हणाली बरं, आणि पलीकडच्या खोलीत जाऊन झोपली. पाच पावलांवर. साडेबाराला मी तुला जेवायला उठवायला गेलो तर तुझं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, आपल्याच देशाचा. हिंदीत विचारलं, "आखिरी बार ठीक कब थी?" वंदना शेजारी उभी होती. तो परत म्हणाला, बाबा, टाइम बहुत जरूरी है. एक इंजेक्शन असतं, म्हणाला, त्याला तासांचा हिशेब लागतो. मी वंदनाकडे बघितलं, तुझा सिग्नलवरचा चेहरा दिसला, आणि म्हटलं, रात को सोते टाइम. त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. झोपेत झालं. केव्हा, माहीत नाही. इंजेक्शन देता येत नाही.

वंदनाला मी नंतर आडून विचारलं, सकाळी सहा-सातला झालं असतं तर? तिला वाटलं मी आपला बापडा आशेनं विचारतोय. म्हणाली, तेव्हा आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं बाबा, दुपारी एकला तसाही उशीर झाला होता. म्हणजे डॉक्टरशी खोटं बोललो त्यानं तुझं काही गेलं नाही. गेलं ते आठ वाजता. त्या दारात.

चार दिवस तू पडून होतीस. डोळे उघडे असायचे. मी बसायचो तेव्हा तू माझ्यावर डोळे लावायचीस आणि मला वाटायचं तू विचारतेस, सांगितलांत काय? मी मान हलवून नाही म्हणायचो. तू डोळे मिटायचीस. आता वाटतं मी उलटं वाचलं असेन. सांगा, म्हणत असशील. एवढी वर्षं बरोबर राहून तुझे डोळे मला नीट वाचता येत नाहीत, याच्यासारखी दुसरी लाज नाही.

तुला जाऊन आज अकरा दिवस.

घरात कसं आहे सांगतो. फ्रिजची घरघर थांबली की स्वयंपाकघरातून "आयकलात?" ऐकू येतं. मी ओ देतो. वंदना वळून बघते. पण दुसरं एक आहे ते वाईट आहे. मी दोरी कायम उजव्या हातात धरतो, तुला ठाऊक आहे. आता जेवताना, दाढी करताना, बाहेर जिन्यात उभा असताना माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला झटका बसतो. मासा तोंड लावतो तसा. दोन बारीक, मग एक ओढ. तू दोरी त्याच बोटावर घ्यायचीस. मी हात खिशात घालतो तरी बसतो. तुझ्या हातातून जे गेलं ते माझ्या हातात आलंय की काय, असं वाटतं. भुताखेताला मी मानत नाही. मानत नव्हतो.

सहाव्या दिवशी दगडांवर गेलो. सुतकात गळ धरतात का, म्हणशील. नाही धरला, नुसता बसलो. दाढीवाला तिथं होता. त्यानं मला एकट्याला बघितलं, माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. हातानं विचारलं, मदाम? मी म्हटलं, खलास. दुसरा शब्द मला येत नव्हता. हा शब्द मी रोज वापरत आलो, जेवण खलास, ड्युटी खलास, डिझेल खलास. त्यानं आपली दोरी गुंडाळायला घेतली. पूर्ण गुंडाळली, डबा बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसला, हात रिकामे. उन्हं चढेपर्यंत आम्ही दोघं तसेच. त्याला माहीत आहे, शेवंते. त्यानं मला सांगितलं होतं घरी ने, आणि मी काय उत्तर दिलं ते त्याला माहीत आहे. त्याच्या शेजारी बसायला मला सोपं गेलं, कारण तिथं खोटं बोलायला नको होतं.

अवघड होतं ते घरी.

वंदना तुझ्यामाझ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. कडीवर हात ठेवते. आधी मला वाटलं तुझी आठवण. मग एकदा फोनवर मैत्रिणीशी बोलताना ऐकलं. म्हणत होती, मी घरातच होते गं. पाच पावलांवर झोपले होते. रोज वीस लोकांचे हातपाय तपासते, हात उचलून दाखवा म्हणते, हसून दाखवा म्हणते, आणि माझ्या आईला मी बघितलंसुद्धा नाही. मैत्रीण तिकडून समजूत घालत असेल. ही म्हणाली, नाही, बाबांना काय कळणार, मला कळायला पाहिजे होतं.

बाबांना काय कळणार. मी भिंतीआड उभा होतो.

त्यानंतर ती खायची थांबली. म्हणजे दिसायला खायची. रजा संपत आली तशी बोलायची थांबली. आणि काल संध्याकाळी तिनं टेबलावर बसून एक पत्र लिहिलं, इंग्रजीत. मी विचारलं काय आहे. म्हणाली राजीनामा. उद्या मेट्रनला देते. मला आता पेशंटला हात लावता येणार नाही, बाबा. जिला आपली आई कळली नाही, तिनं दुसऱ्याच्या आईला हात लावू नये.

शेवंते, तेवीस वर्षं तिनं हे काम केलं. तू तिच्या शिक्षणासाठी हॉटेलच्या चादरींना इस्त्री केलीस, हाताला वाफेचे चट्टे पडले. आणि तूच मला सांगितलंस तिला सांगू नकात. मी रात्रभर तुझ्याशी भांडलो. तू मेलेली, मी जिवंत, आणि तरी तूच जिंकत होतीस. तू म्हणत होतीस शब्द दिलात. मी म्हणत होतो तो साडीच्या वासासाठी दिला होता, पोरीचं आयुष्य त्यात बसत नाही. तू म्हणत होतीस, ती तुमच्याकडे परत तशी बघणार नाही. ते खरं होतं. मला त्याचीच भीती होती, तुझ्या शब्दाची नव्हती. तुझा शब्द मी आडोशाला घेतला होता.

सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. पत्र पर्समध्ये होतं. मी म्हटलं, बस. ती म्हणाली उशीर होतोय. मी म्हटलं, बस म्हणतो ना.

मग सांगितलं. दगडांवर गेलो होतो इथपासून. म्हटलं, पोरी, तुझ्या आईला शिसं कळेना, तिनं माझं जड शिसं मागितलं, मी तिची मस्करी केली, बोट कापलं ते तिला कळलं नाही. दाढीवाल्यानं सांगितलं. सिग्नलवर तिनं मला गप्प राहायला सांगितलं. तू दाराशी आलीस तेव्हा मला हाताचं माहीत होतं आणि मी तुला आत जाऊ दिलं नाही. डॉक्टरला मी खोटं सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, मध्ये थांबलो असतो तर राहिलं असतं.

ती टेबलाकडे बघत होती. म्हणाली, "किती वाजता?"

"साडेसहा. सूर्य वर आला होता."

तिनं बोटांवर मोजलं. साडेसहा ते आठ. मी तिची बोटं बघत होतो. मग म्हणाली, "तुम्ही जाता ते मला माहीत होतं. बाजारातल्या माशाच्या ओठाला गळाचं भोक नसतं, बाबा. मला वाटलं, जाऊ देत, आईला बरं वाटतं." तिचा आवाज इथपर्यंत नीट होता. "त्या सकाळी मी विचारलं असतं, आई बरी आहे ना, असं सरळ विचारलं असतं, तर सांगितलं असतंत?"

हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिला परत वाटलं असतं, मी विचारलं का नाही.

"नसतं सांगितलं," मी म्हटलं. "तू विचारलं असतंस तरी खोटंच बोललो असतो. तुला कळायची काही वाटच ठेवली नव्हती मी."

ती उठली. तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं तू कधीच बघितलं नाहीस, माझ्या आईच्या त्या सहा महिन्यांतसुद्धा नाही. म्हणाली, "माझ्याशी बोलू नका." पर्स उचलली. पत्र देणार का नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तिनं दार इतक्या जोरात आपटलं की शेजारचा मल्याळी बाहेर येऊन बघून गेला. अकरा दिवस ती स्वतःवर रागावलेली होती. आज पहिल्यांदा माझ्यावर रागावून गेली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली ती गाडीपर्यंत भरभर चालत गेली, ड्युटीला जायची तशी.